प्रौढ वयातील मुष्टियुद्धाचे शिक्षण : देहगत ज्ञान आणि त्यातील जोखीम

बीजसंज्ञा : हौशी मुष्टियुद्ध, प्रौढ नवशिका, देहगत ज्ञान, अंगवळण, स्पॅरिंग, मेंदूची इजा

प्रस्तावना

शारीरिक कला लहानपणीच शिकावी, अशी आपल्याकडे सर्वसाधारण धारणा आहे. तालमीत जाणारा मुलगा मिसरूड फुटण्याआधीच लाल मातीत उतरतो. पोहणे गावच्या विहिरीत, पाठीला सुका भोपळा बांधून शिकले जाते. तिशी ओलांडलेल्या माणसाने अशी एखादी कला अगदी मुळाक्षरांपासून शिकावयास घेतली, तर भोवतालचे लोक त्याकडे हौस म्हणून किंवा वजन घटविण्याचा उपाय म्हणून पाहतात. ती कला मुष्टियुद्धाची असेल, तर कुतूहलाबरोबर चिंताही व्यक्त होते. ही चिंता अनाठायी नाही. ज्या खेळात प्रतिस्पर्ध्याच्या मस्तकावर आघात करणे हेच गुण मिळविण्याचे वैध साधन आहे, त्याविषयी कुटुंबीयांनी काळजी करू नये, अशी अपेक्षा धरता येत नाही.

तथापि गेल्या तीन-चार दशकांत प्रौढ वयात मुष्टियुद्ध शिकू पाहणाऱ्या स्त्री-पुरुषांची एक स्वतंत्र परंपराच जगभर निर्माण झाली आहे. या मंडळींना व्यावसायिक मुष्टियोद्धे व्हावयाचे नसते. बहुतेकांना स्पर्धेतही उतरावयाचे नसते. मग ते नेमके काय शिकतात, ते शिकणे इतके कठीण का जाते आणि त्यासाठी कोणती किंमत मोजणे योग्य ठरेल, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. समाजशास्त्र, देहयांत्रिकी व वैद्यक या तीन शाखांमधील अभ्यासांचा त्यासाठी आधार घेतला आहे. मुष्टियुद्धाचा इतिहास सांगणे हा लेखाचा हेतू नसल्याने तो आवश्यक तेवढाच आला आहे.

‘हौशी’ या शब्दाचा अर्थ

आधुनिक मुष्टियुद्धाचे स्वरूप १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबरी नियमांनी निश्चित केले. हे नियम मार्क्विस ऑफ क्वीन्सबरी यांच्या नावाने ओळखले जात असले, तरी त्यांचा मसुदा जॉन ग्रॅहॅम चेंबर्स यांनी तयार केला होता. हातमोजे, तीन मिनिटांची फेरी, फेऱ्यांमध्ये एक मिनिटाची विश्रांती आणि खाली पडलेल्या खेळाडूला उठण्यासाठी दहा सेकंद या आज आपल्या परिचयाच्या गोष्टी तेथून रूढ झाल्या. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्धाचा समावेश झाला. स्त्रियांना मात्र त्यासाठी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपर्यंत थांबावे लागले. त्याच स्पर्धेत मेरी कोम यांनी कांस्यपदक मिळविले.

‘हौशी’ हा शब्द आता अधिकृत व्यवहारातून बराचसा मागे पडला आहे. १९४६ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००७ मध्ये आपल्या नावातून तो वगळला. पुढे या संघटनेची मान्यता आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२३ मध्ये काढून घेतली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या ‘वर्ल्ड बॉक्सिंग’ या नव्या संघटनेला फेब्रुवारी २०२५ मध्ये तात्पुरती मान्यता मिळाली आणि पाठोपाठ मार्च महिन्यात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्धाचे स्थान निश्चित झाले. प्रशासकीय पातळीवरील या घडामोडी नवशिक्याच्या दृष्टीने गौण आहेत. त्याच्यासाठी ‘हौशी’ या शब्दाचा व्यावहारिक अर्थ इतकाच : तीन फेऱ्यांची लढत, जाड हातमोजे, वैद्यकीय तपासणीची सक्ती आणि खेळाडू अडचणीत दिसताच लढत थांबविणारा रेफ्री. व्यावसायिक मुष्टियुद्धात बारा फेऱ्यांपर्यंत चालणाऱ्या लढतीशी याची गल्लत करू नये. दोहोंतील धोक्याचे प्रमाणही त्यामुळेच वेगळे आहे.

एक समाजशास्त्रज्ञ जिममध्ये

प्रौढ नवशिक्याचा सर्वांत सविस्तर वृत्तान्त एका प्राध्यापकी पेशाच्या माणसाने लिहून ठेवला आहे, ही गोष्ट या नियतकालिकाच्या वाचकांना विशेष रोचक वाटेल. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ लोइक वाकाँ हे १९८८ साली शिकागो विद्यापीठात संशोधन करीत होते. शहराच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय वस्तीचा अभ्यास करावयाचा, तर त्या वस्तीत पाय रोवण्यास काही जागा हवी, म्हणून त्यांनी वुडलॉन भागातील एका मुष्टियुद्धाच्या जिममध्ये नाव नोंदविले. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते आणि या खेळाचा त्यांना कोणताही पूर्वानुभव नव्हता. निमित्त म्हणून सुरू झालेली ही शिकवणी सुमारे तीन वर्षे चालली, आणि १९९० मध्ये ते शिकागोच्या ‘गोल्डन ग्लोव्ह्ज’ या हौशी स्पर्धेच्या रिंगणातही उतरले. त्यांचा ग्रंथ २००० साली फ्रेंचमध्ये आणि २००४ साली ‘बॉडी अँड सोल’ या नावाने इंग्रजीत प्रसिद्ध झाला.

वाकाँ यांच्यापूर्वीही लेखक मंडळींनी रिंगणात उतरण्याचे धाडस केले होते. अमेरिकन लेखक जॉर्ज प्लिम्प्टन यांनी १९५९ मध्ये तत्कालीन लाइट-हेवीवेट जगज्जेते आर्ची मूर यांच्याशी तीन फेऱ्या खेळून रक्ताळलेले नाक पदरात पाडून घेतले होते. परंतु ते एका दिवसाचे साहस होते. वाकाँ यांच्या लेखनाचे मोल त्यातील चिकाटीत आहे. रोज संध्याकाळी घामाने भिजून घरी यावयाचे आणि त्याच रात्री टिपणे लिहावयाची, हा त्यांचा क्रम होता.

त्यांच्या निरीक्षणांपैकी दोन गोष्टी येथे महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी, की जिम हे बाहेरच्या हिंसेचे विस्तारित रूप नसते. ते तिच्या विरुद्ध टोकाला उभे असते. रस्त्यावर जे बेभान असते, ते येथे घंटेच्या ठोक्यावर सुरू होते आणि ठोक्यावर थांबते. कोणी कोणाशी, किती जोराने आणि किती वेळ खेळावे, याचे अलिखित पण अत्यंत काटेकोर नियम असतात. दुसरी गोष्ट शिक्षणाच्या प्रक्रियेसंबंधी आहे. तेथील वृद्ध प्रशिक्षक डीडी आर्मर फारसे बोलत नसत. मुष्टियुद्ध पुस्तकातून शिकता येते, या कल्पनेचीच त्यांना चीड होती आणि नवशिक्याच्या हाती या विषयावरचे पुस्तक दिसणे त्यांना मुळीच रुचत नसे. नवशिका शिकतो तो शेजारच्याला पाहून, सामूहिक लयीत स्वतःला मिसळून आणि एकच हालचाल हजारो वेळा करून. वाकाँ यांचे गुरू पिएर बूर्द्यू यांनी ‘हॅबिटस’ ही जी संकल्पना मांडली, तिला मराठीत ‘अंगवळण’ हा प्रतिशब्द सुचविता येईल. अंगवळणी पडणे म्हणजे काय, हे मराठी भाषकाला निराळे समजावून सांगावे लागत नाही.

आपल्या तालमीतील वस्तादांची पद्धत पाहिलेल्या वाचकाला आर्मर यांच्यात काही परके वाटणार नाही. हौद्याच्या कडेला बसून दोन शब्दांत चूक दाखविणारा, डावाची उपपत्ती न सांगता तो पुन्हा करावयास लावणारा वस्ताद आणि शिकागोतील तो प्रशिक्षक हे एकाच जातीचे शिक्षक होत. फरक आहे तो शिष्यात. तालमीतला पोर लहान असतो, ‘असेच का?’ हा प्रश्न त्याला पडत नाही. प्रौढ शिष्याला तो पडतो, आणि विशेषतः ज्याचा व्यवसायच स्पष्टीकरण देण्याचा आहे, अशा शिक्षकाला तर तो पदोपदी पडतो. त्याला उत्तर मिळते ते बहुधा शब्दांत नसते, आणि पहिले काही महिने याचा जाच होतो.

देह ही कोरी पाटी नव्हे

प्रौढ नवशिक्याची खरी अडचण त्याला काही येत नाही ही नसून, त्याच्या देहाला आधीच पुष्कळ काही येत असते ही आहे. फ्रेंच मानवशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९३४ च्या आपल्या व्याख्यानात देहाच्या तंत्रांविषयी एक मार्मिक उदाहरण दिले होते. पहिल्या महायुद्धात इंग्रज सैनिकांना फ्रेंच फावड्यांनी खणता येईना, म्हणून तुकडी बदलली की हजारो फावडीही बदलावी लागत. खणणे ही इतकी साधी क्रिया. परंतु हात एका वळणाचे झाले की दुसरे अवजार त्यांना चालत नाही. चाळीस वर्षे खुर्चीत बसलेल्या, खांदे पुढे झुकलेल्या आणि वजन टाचांवर टाकून उभे राहणाऱ्या देहाचेही असेच असते.

ठोसा हा हाताने मारला जातो, हा यातील पहिला गैरसमज. सोव्हिएत अभ्यासक फिलिमोनोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मागच्या हाताच्या सरळ ठोशातील विविध अवयवांचा वाटा मोजला होता. उच्च श्रेणीच्या खेळाडूंमध्ये पायांचा वाटा सुमारे ३८ टक्के, धडाच्या वळणाचा ३७ टक्के आणि हाताचा केवळ २४ टक्के आढळला. खालच्या श्रेणीच्या खेळाडूंमध्ये मात्र हाताचा वाटा ३८ टक्क्यांपर्यंत वाढलेला आणि पायांचा १६–१७ टक्क्यांवर घसरलेला होता. म्हणजे शिकणे याचा येथे अर्थ, ठोशाचा उगम हातातून काढून तळपायाकडे नेणे असा होतो. प्रशिक्षक पहिले कित्येक आठवडे नुसते उभे राहावयास आणि सरकावयास का लावतात, याचे कारण या आकड्यांत आहे. उजव्या हाताच्या माणसाने डावा पाय पुढे ठेवावा, मागची टाच किंचित उचललेली असावी, हनुवटी खाली, हात गालांशी, आणि सरकताना पाय एकमेकांना ओलांडू नयेत. एवढेच त्याला सांगितलेले असते. वाचावयास हे एक वाक्य आहे. अंगात मुरण्यास वर्ष लागते.

ब्रिटिश अभ्यासक स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये ठोशाचे बल मोजणारे एक उपकरण वापरून हाच फरक दुसऱ्या बाजूने दाखविला. मागच्या हाताच्या सरळ ठोशाचे कमाल बल निष्णात खेळाडूंमध्ये सरासरी ४८०० न्यूटन, मध्यम खेळाडूंमध्ये ३७२२ न्यूटन, तर नवशिक्यांमध्ये २३८१ न्यूटन होते. नवशिक्याच्या ठोशाचे बल निष्णाताच्या जेमतेम निम्मे भरले, आणि ही तफावत केवळ दंडाच्या जाडीतून येत नाही. नवशिका सर्व स्नायू एकाच वेळी आवळून धरतो. हात पुढे फेकणारे आणि त्याला मागे खेचणारे असे दोन्ही स्नायूगट एकदम कामाला लागतात. परिणामी वेग घटतो आणि थकवा वाढतो. कसलेल्या खेळाडूचे स्नायू ठोशाच्या आरंभी क्षणभर आवळतात, मध्ये सैल पडतात आणि आघाताच्या क्षणी पुन्हा आवळतात. हे सैल पडणेच शिकविण्यास सर्वांत अवघड.

याचा पहिला प्रत्यय तीन मिनिटांच्या पहिल्याच फेरीत येतो. नियमित चालणारा, टेकड्या चढणारा सुदृढ माणूसही दुसऱ्या मिनिटाला धापा टाकू लागतो, कारण तो श्वास रोखून धरीत असतो. जिममध्ये प्रत्येक ठोशाबरोबर ऐकू येणारा फुसकारा हा अभिनय नसून श्वास सोडण्याची सवय लावण्याचा मार्ग आहे.

हातावरील पट्ट्यांविषयी येथेच सांगितले पाहिजे. हातमोज्यांच्या आत मनगट, तळहात आणि बोटांच्या सांध्यांभोवती कापडी पट्टी गुंडाळली जाते. स्पर्धेच्या प्रचलित नियमांत तिची लांबी २.५ ते ४.५ मीटर आणि रुंदी ५.७ सेंटिमीटर राहिली आहे. हातमोजे प्रतिस्पर्ध्याच्या रक्षणासाठी असतात असे वाटते. वस्तुतः पट्टी आणि मोजे मिळून मारणाऱ्याच्या हाताचेही रक्षण करतात. वैद्यकात ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ म्हणून ओळखला जाणारा करंगळीच्या तळव्यातील हाडाचा अस्थिभंग प्रशिक्षित मुष्टियोद्ध्यांपेक्षा रागाच्या भरात भिंतीवर किंवा कोणाच्या जबड्यावर मूठ हाणणाऱ्यांना अधिक होतो, हा नामकरणातील अन्याय म्हणावा लागेल. शिकलेला माणूस तर्जनी व मधले बोट यांच्या सांध्यांवर आघात घेतो. तेथून बल सरळ मनगटात उतरते.

डोळे उघडे ठेवण्याचे शिक्षण

दोरीवरच्या उड्या, आरशासमोरचे शॅडो बॉक्सिंग, टांगलेली बॅग आणि प्रशिक्षकाच्या हातातील पॅड या पायऱ्या चार-सहा महिन्यांत ओलांडल्या जातात. त्यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही; हा भाग कष्टाचा असला तरी निर्धोक आहे, आणि पुष्कळ प्रौढांनी येथेच थांबावे हे श्रेयस्कर. समोर माणूस आला की मात्र प्रश्नाचे स्वरूप बदलते.

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वालिल्को, वियानो व बिर यांच्या अभ्यासात सात ऑलिंपिक दर्जाच्या मुष्टियोद्ध्यांच्या ठोशांचे मापन केले होते. आघाताच्या वेळी हाताचा वेग सरासरी सेकंदाला ९.१४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३३ किलोमीटर होता. हात शून्य वेगापासून सुरू होतो हे लक्षात घेऊन सरासरी वेग याच्या निम्मा धरला, तरी अर्ध्या मीटरचे अंतर कापण्यास सुमारे ०.११ सेकंद पुरतो. दृश्य उद्दीपकाला माणसाचा साधा प्रतिसाद मिळण्यास साधारणतः ०.२ सेकंद लागतात. हिशेब उघड आहे : ठोसा निघालेला पाहून तो चुकविणे कोणालाही शक्य नाही. मग तो चुकविला कसा जातो? खांद्याची किंचित उचल, पुढच्या पायावर सरकणारे वजन, अंतरात झालेला बदल यांवरून ठोसा निघण्यापूर्वीच त्याचा अंदाज बांधला जातो. हे वाचन आहे, आणि वाचनासाठी डोळे उघडे असावे लागतात.

नवशिक्याचे डोळे नेमके त्याच क्षणी मिटतात. चेहऱ्याकडे काही वेगाने आले की पापण्या मिटाव्यात आणि मान वळावी, ही देहाची जन्मजात व्यवस्था आहे. मुष्टियुद्धात तिचा परिणाम उलटा होतो, कारण वळलेल्या मानेवर बाजूने बसलेला ठोसा डोके गर्रकन फिरवितो, आणि न दिसलेल्या ठोशासाठी मानेचे स्नायू सज्ज झालेले नसतात. स्पॅरिंगचे, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सरावाचे, पहिले प्रयोजन या प्रतिक्षिप्त क्रियेला वळण लावणे हे होय. चांगला प्रशिक्षक म्हणूनच प्रारंभी फक्त डाव्या हाताचा ठोसा, तोही अर्ध्या जोराने, आणि एकाने मारावयाचा व दुसऱ्याने केवळ अडवावयाचा, अशी बंधने घालतो. हातमोजेही जड दिले जातात. स्पर्धेत १० किंवा १२ औंसांचे मोजे असतात, सरावात बहुधा १६ औंसांचे, म्हणजे प्रत्येकी सुमारे ४५० ग्रॅम वजनाचे.

वाकाँ यांनी स्पॅरिंगचे वर्णन स्पर्धेपेक्षा सहकार्य म्हणून केले आहे. जोडीदार किती जोराने मारतो हे त्याला कितपत जोराने मारले जाते यावर ठरते आणि हा समतोल दोघे न बोलता सांभाळतात. बलवान व अनुभवी जोडीदार नवशिक्यासमोर आपला हात आखडता घेतो; तसे न करणाऱ्याला प्रशिक्षक बाजूला काढतो. ज्या जिममध्ये हे घडत नाही, नवख्या माणसाला पहिल्याच आठवड्यात ‘बघू, किती दम आहे’ म्हणून रिंगणात ढकलले जाते, ती जिम सोडणे इष्ट. प्रौढ विद्यार्थ्याला यात एक फायदाही आहे. मान राखण्यासाठी मार खाण्याची गरज विशीतल्या मुलाला वाटते. चाळिशीतल्या माणसाला ती वाटू नये.

वाकाँ यांच्या वृत्तान्ताच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. त्यांनी पाहिलेली जिम जवळजवळ सर्वस्वी पुरुषांची होती. आणखी एक मुद्दा असा, की त्यांच्या बरोबरीच्या अनेकांसाठी हा खेळ उपजीविकेची आशा होता, तर त्यांच्यापाशी परतीसाठी विद्यापीठ होते. हा भेद त्यांना ज्ञात होता. परंतु ज्ञात असल्याने तो मिटत नाही. प्रौढ हौशी नवशिक्याचे स्थान बहुतांशी वाकाँ यांच्यासारखेच असते, हे त्याने विसरू नये. ज्याला थांबता येते, त्याने केव्हा थांबावे याचा विचार आधी केलेला असावा.

मेंदूचा प्रश्न

अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्ये दीर्घकाळ खेळलेल्या मुष्टियोद्ध्यांत आढळणारी अडखळती चाल, जड जीभ आणि मंदावलेली बुद्धी या लक्षणांचे वैद्यकीय वर्णन प्रथम केले. पुढे जागतिक वैद्यकीय संघटनेने १९८३ मध्ये या खेळावर बंदीची शिफारस केली. ब्रिटिश वैद्यकीय संघटनेने त्याआधीच, १९८२ पासून, तशी भूमिका घेतली होती. वैद्यक व्यवसायाचा हा विरोध गंभीरपणे घेतला पाहिजे. प्राध्यापकाच्या बाबतीत तर अधिकच, कारण ज्या अवयवावर त्याचा चरितार्थ चालतो, तोच येथे पणाला लागतो.

हौशी खेळाविषयीचा पुरावा मात्र एकेरी नाही. लूजमोर व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतशीर आढाव्यात, हौशी मुष्टियुद्ध आणि मेंदूची दीर्घकालीन इजा यांचा संबंध दाखविणारा भक्कम पुरावा आढळला नाही, असा निष्कर्ष काढला. हे वाक्य खेळाचे समर्थक नेहमी उद्धृत करतात. त्याच आढाव्यात उपलब्ध अभ्यासांचा दर्जा सुमार असल्याचेही म्हटले आहे, हे मात्र सांगावयाचे राहून जाते. पुरावा नसणे आणि इजा नसल्याचा पुरावा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे संशोधन-पद्धतीचे अध्यापन करणाऱ्यांना ठाऊकच आहे.

दुसऱ्या बाजूने स्वीडनमधील झेटरबर्ग व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये चौदा हौशी मुष्टियोद्ध्यांच्या मेरुद्रवाची तपासणी केली. लढतीनंतर सात ते दहा दिवसांनी त्यात चेतातंतूंच्या इजेचे निदर्शक असलेल्या प्रथिनाची पातळी वाढलेली आढळली. ज्यांनी मस्तकावर अधिक ठोसे खाल्ले होते, त्यांच्यात ती अधिक होती. यांपैकी कोणी बेशुद्ध पडले नव्हते. तीन महिन्यांच्या विश्रांतीनंतर पातळी खाली आली. म्हणजे ‘मला काही झाले नाही’ ही खेळाडूची भावना आणि त्याच्या मेंदूतील वस्तुस्थिती यांत अंतर असू शकते. तसेच विश्रांती हा केवळ खबरदारीचा उपचार नसून त्यामागे शरीरशास्त्रीय कारण आहे.

मस्तकावरील शिरस्त्राणाने हा प्रश्न सुटत नाही. ते भुवई फाटण्यापासून व कानाच्या इजेपासून वाचविते. परंतु मेंदूला मुख्य धोका डोके गर्रकन फिरल्याने होतो आणि ते फिरणे पातळ गादीने फारसे रोखले जात नाही. १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये सक्तीचे असलेले शिरस्त्राण वरिष्ठ पुरुष गटातून २०१३ साली काढून टाकले गेले. तो निर्णय योग्य होता की नाही यावर मतभेद आहेत. नवशिक्याने सरावात ते घालावेच, मात्र ते घातले म्हणून जोर वाढवू नये.

नियमांतील विश्रांतीच्या तरतुदी नवशिक्यानेही स्वतःला लागू कराव्यात. मस्तकावरील आघाताने लढत थांबल्यास किमान ३० दिवस, तीन महिन्यांत दुसऱ्यांदा तसे घडल्यास ९० दिवस आणि वर्षभरात तिसऱ्यांदा घडल्यास एक वर्ष रिंगणाबाहेर राहावे, अशी आंतरराष्ट्रीय हौशी नियमांची परंपरा आहे. अडचण अशी, की स्पर्धेत हे पाहणारा डॉक्टर असतो. संध्याकाळच्या सरावात नसतो. सरावानंतर डोके दुखणे, मळमळणे, प्रकाश सहन न होणे किंवा रात्री व्याख्यानाची टिपणे काढताना वाक्य हरवणे, यांपैकी काहीही घडल्यास ते घरी व डॉक्टरांना सांगितले पाहिजे. लपविण्याचा मोह प्रौढांनाही होतो.

वय आणि स्पर्धा

उशिरा सुरुवात करून शिखर गाठल्याची उदाहरणे आहेत. अँथनी जोशुआ यांनी २००७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी हातमोजे चढविले आणि २०१२ मध्ये ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले. डिऑन्टे वाइल्डर यांनी विसाव्या वर्षी सुरुवात करून २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले. परंतु ही उदाहरणे पस्तिशीतल्या वाचकाला फसवी ठरतील. हे दोघेही अवाढव्य शरीराचे, अन्य खेळांत मुरलेले तरुण होते. आंतरराष्ट्रीय वरिष्ठ गटासाठी १९ ते ४० ही वयोमर्यादा रूढ आहे. अमेरिकेत पस्तीस वर्षांवरील खेळाडूंसाठी ‘मास्टर्स’ हा स्वतंत्र गट असून त्यात प्रतिस्पर्ध्यांच्या वयांतील अंतरावर बंधन असते. अशा व्यवस्थेत साठीच्या आसपासचे लोकही अधिकृत देखरेखीखाली लढू शकतात.

याहून निराळा प्रकार म्हणजे ‘व्हाइट कॉलर बॉक्सिंग’. न्यूयॉर्कच्या ब्रुकलीन भागातील ग्लीसन्स जिममध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीस वकील, डॉक्टर, दलाल अशा नोकरदार मंडळींच्या लढती भरू लागल्या आणि ही प्रथा पुढे ब्रिटनमध्ये पसरली. अनेक ठिकाणी आठ-दहा आठवड्यांच्या शिकवणीनंतर नवख्यांना प्रेक्षकांसमोर उभे केले जाते आणि या लढती बहुधा राष्ट्रीय संघटनेच्या नियंत्रणाबाहेर असतात. पायांचे काम अंगवळणी पडण्यास लागणारा काळ वर सांगितला आहे. त्याच्याशी हे आठ-दहा आठवडे ताडून पाहावेत. आपल्याकडील महानगरांतही फिटनेस केंद्रांच्या प्रसाराबरोबर असे कार्यक्रम होऊ लागल्यास आश्चर्य वाटू नये, आणि त्यांत सहभागी होण्यापूर्वी रिंगणाशेजारी डॉक्टर आहे का, प्रतिस्पर्ध्यांचे वजन व अनुभव जुळविले आहेत का, एवढे तरी विचारावे.

महाराष्ट्रात या खेळाचे शास्त्रशुद्ध शिक्षण देणारे प्रशिक्षक तुलनेने थोडे आहेत. पुणे येथे २००१ मध्ये स्थापन झालेल्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये मुष्टियुद्धाचे उच्च दर्जाचे प्रशिक्षण चालते, परंतु ती संस्था सैन्यदलातील निवडक खेळाडूंसाठी आहे. सामान्य प्रौढाला स्थानिक क्लब, निवृत्त सैनिक किंवा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून पदविका घेतलेला एखादा प्रशिक्षक शोधावा लागतो. महाविद्यालयांच्या जिमखान्यात पंचिंग बॅग अनेक ठिकाणी असते. ती वापरण्यास शिकविणारा माणूस क्वचितच असतो. प्रवेशापूर्वी रक्तदाब, हृदय आणि डोळे यांची तपासणी करून घ्यावी. अधिक क्रमांकाचा चष्मा असणाऱ्यांत दृष्टिपटल सुटण्याचा धोका मुळातच जास्त असतो. अशांनी नेत्रतज्ज्ञाच्या लेखी संमतीखेरीज स्पॅरिंग करू नये. चष्मा लावणाऱ्या अध्यापकांपैकी काहींचा मार्ग येथेच बॅग आणि पॅड यांच्यापुरता मर्यादित होईल. ठोसा पायांतून काढणे, श्वास सोडणे आणि सैल पडणे या तिन्ही गोष्टी तेथेही पूर्णपणे शिकता येतात. अंतर वाचणे आणि डोळे उघडे ठेवणे या दोन गोष्टी मात्र समोर जोडीदार असल्याशिवाय येत नाहीत. त्यांच्यासाठी हलक्या हाताने, फक्त खांद्याला किंवा पोटाला स्पर्श करण्याचा जोडसराव उपलब्ध आहे, आणि तो देण्यास तयार असलेला प्रशिक्षक मिळेपर्यंत थांबणे शक्य आहे.